लाल मखमल आणि आयतं बीळ

पुरुषांसाठी 'सुसंस्कृत' मासिक काढायचंय आणि खिशात दमडी नाही? घाबरू नका. 1953 साली शिकागोत 27 वर्षांच्या ह्यू हेफ्नरने 'प्लेबॉय' काढलं, ती वाट मळलेली आहे.

आधी नोकरी सोडा. 'एस्क्वायर' मासिकाने हेफ्नरला 5 डॉलरची पगारवाढ नाकारली, तिथून त्याची साहित्यसेवा सुरू झाली. मग आईपुढे हात पसरा. त्याच्या आईने 1000 डॉलर दिले. (मधलं पान आईला दाखवायची घाई नको.)

लेखक मेलेलेच निवडा. पहिल्या अंकात इटालियन कथाकार बोकाचिओ होता, शेरलॉक होम्सही होता. बोकाचिओ 1375 साली वारला, होम्सचा लेखक कॉनन डॉयल 1930 साली. मानधनाचं स्मरणपत्र कुणाकडूनच येत नाही. शिवाय अंक का घेतला असं बायकोने विचारलं, तर गिऱ्हाइकाला होम्सकडे बोट दाखवता येतं.

आता मुख्य माल. मॉडेल शोधत उन्हातान्हात फिरू नका, सरळ कॅलेंडरवाल्याकडे जा. मे 1949 मध्ये हॉलिवूडच्या एका स्टुडिओत, टॉम केलीच्या कॅमेऱ्यासमोर, हाताला काम नसलेली एक नटी लाल मखमलीवर विवस्त्र पहुडली होती. मेहनताना 50 डॉलर. संमतीच्या कागदावर तिने 'मोना मन्रो' अशी सही केली, म्हणजे कुणी ओळखू नये. पण चेहऱ्याला टोपणनाव कुठून आणणार? चार वर्षांत त्या मेरिलिन मन्रोला अख्खी अमेरिका ओळखू लागली. हेफ्नरने कॅलेंडर कंपनीला 500 डॉलर मोजले आणि फोटो घेतला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, फक्त हा पाइप ओढायचा.

तिला विचारायचं? कशाला? कागदपत्रं चोख आहेत.

मुखपृष्ठावर तिचाच हसून हात हलवतानाचा फोटो टाका. तारीख मात्र छापू नका; दुसरा अंक निघेल याची खात्री हेफ्नरलाही नव्हती. किंमत 50 सेंट, खप 50 हजारांच्या वर. तिच्या वाट्याला यातलं काय आलं, हे विचारणारा माणूस धंद्याच्या कामाचा नाही.

संपादकीय मात्र उंची हवं. हेफ्नरने लिहिलं होतं, की आम्हाला कॉकटेल बनवायला आवडतं, मंद संगीत लावून एखाद्या ओळखीच्या बाईला पिकासो, नीत्शे यांच्यावर गप्पा मारायला घरी बोलवायला आवडतं. नीत्शेबद्दल त्या बाईचं मत काय पडलं, ते छापायला जागा ठेवू नका. ती जागा मखमलीची.

आणि म्हातारपणाची सोय वेळेवर करा. 1992 साली हेफ्नरने लॉस एंजेलिसच्या दफनभूमीत मन्रोच्या अगदी शेजारचा कप्पा 75,000 डॉलरना घेतला. 2017 साली वारला, तेव्हापासून तो तिथेच आहे. व्यवहाराला सही लागली ती विकणाऱ्याची.