कुलूप, किल्ली आणि बांगडे

नोट हातात आली की उजेडासमोर धरायची, गांधीजी उमटलेत का बघायचं, तार चाचपायची, स्पंजावर बोट ओलं करायचं आणि पुढची घ्यायची. मालवणच्या आसपास एका बँकेच्या शाखेत मी चौतीस वर्षं हेच केलं. मोजताना ओठ हलायचे. निवृत्त झालो तरी हलतात. देवळात घंटा वाजवतानाही मी एक, दोन, तीन असं पुटपुटतो. ही म्हणते, निदान देवासमोर तरी हिशेब नको. २०१६ च्या नोव्हेंबरात काउंटरच्या आत बसून जो माणूस टिकला, तो पुढे कशालाच घाबरणार नाही, असं घरात सगळ्यांना वाटत होतं. मग पुण्याच्या भाच्याने माझ्या फोनात यूपीआय टाकलं.

हे यूपीआय त्याच २०१६ सालचं, एप्रिलमधलं. आम्ही नोटांत मानेपर्यंत बुडालेलो होतो, तेव्हा आमच्या पोटावर पाय आणणारं पोर सात महिन्यांचं होऊन रांगत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

घरात खुर्चीवर बसून सगळं सोपं दिसतं. बाजारात जाऊन बघा. पत्र्याची शेड, त्यामुळे रेंज कधी आहे, कधी नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, आणि बांगडा ताजा आहे की नाही हे कल्ला उघडून बघितल्याशिवाय मी घेत नाही, म्हणजे बोटं ओली. ओल्या बोटाचा ठसा फोन ओळखत नाही. चौतीस वर्षं बोट ओलं करूनच पैसे मोजले, आणि आता पैसे द्यायला बोट कोरडं हवं! लेंग्याला बोट पुसायचं, मग घरी गेल्यावर त्या लेंग्यावरून बोलणी खायची. आमच्या नेहमीच्या मासेवालीने क्यूआरचा पुठ्ठा प्लास्टिकमध्ये घालून टोपलीला बांधलाय. त्यावर एकदा रुपयाएवढा खवला चिकटलेला होता. मी नखाने काढायला गेलो तर म्हणाली, "रवांदे, तसोच लागता." आणि खरंच लागला. भाचा म्हणाला, मामा, या चौकोनात माहिती मुद्दाम जास्तीची भरलेली असते, थोडा भाग झाकला गेला तरी उरलेल्यावरून फोन जुळवून घेतो. १९९४ साली जपानमध्ये मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्याने तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी बनवला, कारखान्यात ग्रीस लागणार हे धरून. बांगड्याचा खवला त्याच्या हिशेबात नसावा, पण बसला.

पैसे गेले की माझ्या फोनवर हिरवी टिकली येते. ती मी मासेवालीला दाखवतो. ती बघतसुद्धा नाही. तिचं लक्ष फळीवरच्या, पैसे जमा झाले की बोलून सांगणाऱ्या भोंग्याकडे. "भोंगो बोलूक नाय," म्हणते, आणि भोंगा बोलेपर्यंत पिशवी हातात देत नाही. अपमान वाटायचा. तिला एकदा कुणी पाहुण्याने अशीच टिकली दाखवून अख्खी सुरमई नेलेली, हे मला नंतर कळलं. खोटी टिकली दाखवणारी अ‍ॅपं असतात म्हणे. मग मला तिच्याबद्दल व्यवसायबंधुत्व वाटायला लागलं. मी नोट उजेडासमोर धरायचो, ती भोंगा कानाशी धरते.

मे महिन्यात भाचा आला. एका हॉटेलात जेवलो, तर बिल द्यायला त्याने फोन मशीनजवळ नेला, टुक् झालं, आणि संपलं. क्यूआर नाही, पिन नाही. मला घास लागला. म्हणजे उद्या एसटीत कुणी मशीन घेऊन माझ्या खिशाजवळून गेला तर? आमच्या एसटीला गर्दीत माणसं एकमेकांच्या किती जवळ असतात हे ज्याने मालवण-कुडाळ उभ्याने केलंय त्यालाच माहीत. भाच्याने माझ्याही फोनात कार्ड घालून दिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी फोन स्टीलच्या डब्यात घातला, झाकण घट्ट लावलं आणि डबा पिशवीत ठेवून एसटी पकडली. कंडक्टर मशीन घेऊन आला, त्यावर क्यूआर चमकत होता. मी डबा पोटाशी धरून खिडकीकडे सरकलो आणि सुटे पैसे दिले. सुटे दिल्यावर कंडक्टर एवढा खूश झाला की मला वाटलं आता ओवाळतो. कुडाळला उतरून डबा उघडला तर हिचे अकरा मिस्ड कॉल. नारळ आणायला सांगायचं होतं.

संध्याकाळी भाच्याने मला ओटीवर बसवलं. अंतर चार-पाच सेंटिमीटरच्या आत पाहिजे, आणि मामा, तुमच्या फोनाचं कुलूप उघडलेलं पाहिजे. पिन न मागणारं नुसतं प्लास्टिकचं कार्ड टेकवलं तर २०२१ च्या जानेवारीपासून ५००० रुपयांपर्यंत चालतं, पण फोनातलं कार्ड फोन उघडल्याशिवाय जागचं हलत नाही. शिवाय मशीनला तुमचा कार्ड नंबर कळतच नाही. त्याच्या जागी टोकन जातं.

टोकन म्हटल्यावर मी सावरून बसलो. तुम्ही पन्नाशीच्या पुढचे असाल तर तुम्हीही बसाल. चेक काउंटरला दिला की गिऱ्हाईकाच्या हातात एक पितळी चकती पडायची. त्यावर नंबर कोरलेला. चेक आत वह्यांतून फिरून माझ्याकडे यायचा, मी पिंजऱ्यातून ओरडायचो, "सत्तावीऽऽस!" आणि जो चकती आणील त्याचे पैसे. चकतीवर नाव नाही, खातं नाही, शिल्लक नाही. रस्त्यात सापडली तर शेजारच्या बँकेत तिचा उपयोग शून्य. आमच्या शाखेत एकाने ती घरी नेली आणि पोराने दात येताना चावून काढली, तरी बँकेचं काही बिघडलं नाही, फक्त सत्तावीसचा साडेसव्वीस झाला. भाचा म्हणाला, हेच, फक्त चकती पितळी नाही आणि ती तुमच्याच फोनापुरती आहे. मी म्हटलं, मग एवढा वेळ इंग्रजीत काय सांगत होतास? त्या दिवसापासून टेकवण्याची भीती गेली. डबा मात्र हिने परत घेतला, त्यात आता सुकट आहे.

टेकवायला घाबरणारा मी फसणार होतो मात्र फोनवर बोलताना. आमची चार कलमं हापूसची, त्यातल्या दहा पेट्या विकायच्या होत्या. नेमका बाजारात असताना एकाचा फोन आला. आवाज एवढा अदबशीर की आमच्या बँकेत असा आवाज कुणाचा नव्हता. "काका, सगळ्या पेट्या घेतो, पैसे आत्ताच पाठवतो, तुमच्या फोनवर येईल ते दाबा आणि पिन टाका, म्हणजे जमा होतील." मी लगेच चश्मा काढला. मासेवालीची मासे कापायची आदोळी थांबली.

"कॅशियरानू, पैसे येवक पिन कित्याक? सकाळपासून माका पैसे येतत, मिया एकदा तरी पिन मारलंय?"

चौतीस वर्षं पैसे घेणं आणि देणं यांसाठी दोन वेगळ्या खिडक्या असलेल्या इमारतीत काढली मी. फोन बंद केला. अदबशीर माणसाने परत केला नाही. भाच्याने घरी येऊन फ्रिजवर १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर खडूने लिहून ठेवला आणि पिन बदलायला लावला, कारण माझा पिन म्हणजे आमच्या लग्नाचं साल होतं. लहान रकमांना पिनच नको म्हणून यूपीआय लाइट घालून देतो, १००० पर्यंत नुसतं जातं, असंही म्हणाला. मी साफ नाही म्हटलं. कुलूप नसलेली पेटी मी कधी सांभाळलेली नाही.

नवा पिन मी एकट्याने शोधला. आमच्या स्ट्राँगरूमच्या किल्लीवर चार आकडे कोरलेले होते. ती किल्ली आता भंगारात गेली असेल, पण ते आकडे मी आयुष्यात हिलासुद्धा सांगितले नाहीत. याहून गुप्त माझ्याकडे काही नाही. शनिवारी रात्री, दिवा घालवून, पिन बदलला.

रविवारी बांगडे घेतले, मंगळवारी सौंदाळे. पिन टाकताना खांबाकडे तोंड, तळव्याचा आडोसा, कोपर बाहेर. बुधवारी मात्र बाजार फुललेला. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून लोक लग्नाला निघाल्यासारखे मासे घेत होते. एकशे पन्नासचा वाटा पिशवीत पडला, मागून कुणीतरी "आटपा हो" म्हणालं, आणि माझ्या डोक्यातून चारही आकडे गेले. लग्नाचं साल दाबलं. चूक. पुन्हा तेच दाबलं, सालाचा काय दोष म्हणून. चूक. तिसऱ्यांदा चुकलो असतो तर चोवीस तास कुलूप. बोट हवेत धरून मी उभा.

मासेवाली खवले काढतच होती. "तो जुनो, कॅशियरानू," ती म्हणाली. "आयतवारपासून सात पयलो येता."

मी वळून बघितलं. पलीकडची सुंगटांवाली सुंगटं सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली, "आणि मगे तीन."