दिव्याच्या अमावास्येचे सूप

आषाढ संपायला एकच दिवस उरला असताना आमच्या शहापुरातल्या घरी पाहुणे जेवून गेले आणि कॅम्पातून भाजून आणलेल्या दोन कोंबड्यांचे सांगाडे, थोडेफार मांस चिकटलेले, परातीत मागे राहिले. ते फ्रीजमध्ये ठेवताना या हाडांचे सूप करावे, असे माझ्या मनात आले. परातीसकट सगळे बाहेर टाकावे असे मनात आले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

दुसऱ्या दिवशी दिव्याची अमावास्या होती. ओट्यावर समया आणि निरांजने चिंचेने घासून मांडलेली असल्यामुळे पूजा होईपर्यंत हाडांना स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. संध्याकाळी साडेसातला परवानगी मिळाली, तीही आईच्या एका अटीवर : श्रावण लागायच्या आत भांडे रिकामे झाले पाहिजे. मी कालनिर्णय काढून, आपल्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो, तेव्हा पहाटेपर्यंत सवड आहे, असा युक्तिवाद केला. “तुला पंचांग कधीपासून कळायला लागलं?” एवढेच आई म्हणाली.

कुकरला तीन-चार शिट्या देऊन मोकळा हो, हा तिचा सल्लाही मी मानला नाही. हाडांवर गारच पाणी ओतायचे, वर येणारा फेस चमच्याने काढत राहायचे आणि पाणी खळखळू द्यायचे नाही, कारण खळखळले की चरबीचे बारीक थेंब पाण्यात मिसळून सूप गढूळ होते, हे मला पाठ होते. कांदा, गाजर, आले, मिरे आणि तमालपत्र घातले. भाजलेल्या कोंबडीला आधीच मीठ असते आणि पाणी आटत जाते, तसा खारटपणा वाढत जातो, म्हणून मीठ शेवटी. बाहेर बेळगावचा पाऊस कौलांवर आपटत होता आणि आत मी, ज्याला एरवी दूधसुद्धा राखता येत नाही, तो मंद आचेची राखण करत बसलो होतो.

साडेनऊला आईने झाकण उचलून वास घेतला. “अरे, हे तर अळणी. रस्सा करायच्या आधी दर रविवारी मी हेच काढते की. लहानपणी वाटीवाटीने प्यायचास.” तीन पाककृती वाचून मी जो शोध लावला होता, तो गेली चाळीस वर्षे आमच्याच चुलीवर लागत होता.

पावणेअकराला गॅस संपला. भरलेला सिलिंडर माळ्याखालच्या अडचणीत, तांदळाच्या दोन पोत्यांच्या मागे होता. तो ओढून काढताना जो आवाज झाला, त्याने शेजारच्या अज्जी जाग्या झाल्या आणि त्यांनी खिडकीतून “ऊटा आयता?” असे विचारले. जेवण झाले का, या प्रश्नाला त्या रात्री माझ्यापाशी उत्तर नव्हते.

साडेबाराला गाळले, तेव्हा घर झोपले होते. मी एकट्याने एक वाटी प्यायलो आणि उरलेले पातेले फ्रीजमध्ये ठेवून आडवा झालो, ते थेट सूर्योदयानंतर उठलो. स्वयंपाकघरात आई ते पातेले हातात घेऊन उभी होती. हाडांतले जिलेटिन उतरून सूप खरवसासारखे थरथरत होते, वर चरबीची पिवळी साय होती. सूप उत्तम जमल्याची हीच खूण, असे मी सांगू लागलो, पण श्रावणातल्या पहिल्या सकाळी ती खूण पाहायची आईची तयारी नव्हती.

फ्रीझरमध्ये ते महिनाभर सहज टिकले असते, पण श्रावणापाठोपाठ गणपती येतात हे तिने बोटांवर मोजून दाखवले. शेवटी डब्यात भरून, छत्री सावरत, मी ते कॅम्पात राहणाऱ्या, श्रावण न पाळणाऱ्या एका सहकाऱ्याकडे पोहोचवले. त्याने दुपारी फोन करून आभार मानले, घरात सगळ्यांना आवडले म्हणाला, आणि मग जरा अडखळत विचारले, “मीठ घालायचं राहिलं होतं का हो?”