येऊ द्या, येऊ द्या... बास!

उलटं चालणं आपल्याला नवीन नाही. देवाला पाठ दाखवू नये म्हणून गाभाऱ्यातून आपण उलट्या पावलीच बाहेर येतो, आणि उंबऱ्याला अडखळतो. कबड्डीतला चढाईवीरही समोरच्या साखळीवर डोळा ठेवून मागे सरकत मध्यरेषा गाठतो. तरीही सकाळी सहाला बागेत कोणी उलटं चालू लागलं, की लोक चेहरा पाहत नाहीत, आधी पाय पाहतात. पावलं हडळीसारखी उलटी नाहीत याची खात्री पटली, की मगच ‘गुड मॉर्निंग’.

माझा या व्यायामाला पाठिंबा आहे तो गुडघ्यामुळे. सरळ चालताना टाच आधी टेकते. उलटं चालताना चवडा आधी, टाच नंतर. त्यामुळे गुडघ्याच्या वाटीमागचा दाब कमी होतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंना मात्र जादा काम पडतं. शिवाय डोळ्यांचा उपयोग नसल्याने तोल सांभाळायची जबाबदारी पाय आणि कान यांच्यावर येते. खर्चाचं म्हणाल, तर ताशी ५.६ किलोमीटरने सपाटीवर सरळ चालायला ४.३ मेट ऊर्जा लागते, उलटं चालायला ६. (स्वस्थ बसणं म्हणजे १ मेट.) हे वाचून पहिल्याच दिवशी ५.६चा वेग गाठायला जाऊ नका. त्या वेगाने माणूस थेट हाडवैद्याकडे पोचतो, तेही पाठमोरा.

जागा सपाट, कोरडी आणि ओळखीची हवी. तीसेक पावलांचा पॅसेज पुरे, भिंत हाताशी असली तर उत्तम. चप्पल अजिबात नको. तिची मागची कड फरशीच्या सांध्यात अडकते. चप्पल जागेवर राहते, आपण पुढे, म्हणजे मागे, जातो. नाडीचे बूट घाला आणि नाडीला दोन गाठी मारा. पाऊल नेहमीच्या निम्मं. चवडा टेकवायचा, वजन सावकाश टाचेवर उतरवायचं, मगच दुसरा पाय उचलायचा. पडायच्या भीतीने बहुतेक जण कमरेतून मागे झुकतात आणि म्हणूनच पडतात. कणा ताठ ठेवा, गुडघा किंचित सैल.

मान हे दुसरं दुखणं. दर पाच-सहा पावलांनी मागे पाहायचं, पण एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. सतत उजवीकडूनच पाहिलंत, तर मान आखडते आणि तुम्ही हळूहळू गुलाबाच्या वाफ्यात शिरता. एक मिनिट उलटं, एक मिनिट सरळ, असं दहा मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा, सुरुवातीला एवढंच. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलू लागतील, ते अपेक्षित आहे. गुडघ्यात कळ आली तर मात्र थांबा. चक्कर येणाऱ्यांनी किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

ट्रेडमिलवर पट्टा बंद असताना चढा, कडेच्या पट्ट्यांवर पाय ठेवा, सेफ्टी क्लिप शर्टाला लावा, दांड्या धरा आणि ताशी १ किलोमीटरने सुरू करा. क्लिप लावायला लाज वाटते, हे मला मान्य आहे. पण आपण आता अख्ख्या जिमकडे तोंड करून उभे आहोत, पडलो तर प्रेक्षक तयारच.

सगळ्यात चांगलं साधन म्हणजे दुसरं माणूस. तो सरळ चालतो, तुम्ही त्याच्याकडे तोंड करून उलटे. दर मिनिटाला अदलाबदल. ट्रकच्या क्लीनरसारखं ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारे खूप मिळतात, वेळेवर ‘बास’ म्हणणारा दुर्मीळ. नवरा-बायकोच्या जोडीत तर ‘बास’ हमखास बाकाला धडकल्यावर येतो, आणि पाठोपाठ ‘मी सांगितलं होतं’.

क्लीनर नसलेल्यांसाठी प्लेनी विंगोचा मार्ग आहे. १९३१ साली अमेरिकेतल्या टेक्ससमधून उलटा चालत निघालेला हा गृहस्थ १९३२ मध्ये इस्तंबूलला पोचला. मागचं दिसावं म्हणून त्याने चष्म्याला छोटे आरसे लावले होते. ते लावून बागेत गेलात, तर निदान लोक पायांआधी चेहरा पाहतील.