सेइको ६१३९ चा काटा थांबलाय म्हणजे घड्याळ बंद नाही

'सेइको ६१३९ चा सेकंद काटा हलत नाही आणि चावीही बसत नाही, म्हणजे मशीन गेलं' असं जे फिरतंय ते चूक आहे. अहो, १९६९ ला आलेल्या या क्रोनोग्राफला (स्टॉपवॉच असलेल्या मनगटी घड्याळाला) चालता सेकंद काटा नाहीच, मधला लांब काटा फक्त स्टॉपवॉचचा, वरचं बटण दाबलं की पळतो, तोपर्यंत १२ वर गप्प उभा. आणि हाताने चावी भरायची सोयच दिलेली नाही, ते ऑटोमॅटिक आहे, म्हणजे हाताच्या हालचालीने चावी भरते, क्राउन (बाजूची चकती) फिरवलात तर काही मॉडेलांत डायलभोवतीची आतली रिंग फिरते, अर्धवट दाबलात तर तारीख पुढे जाते, पूर्ण दाबलात तर वार. हलवून कानाशी धरा, टिकटिक येते का बघा. लोक उगाच मशीन उघडत बसतात!