'दहापट भरपाई'चा मेसेज खोटा आहे

'मृताने सलग तीन वर्षे आयकर रिटर्न भरले असेल, तर कलम १६६ नुसार सरकार सरासरी उत्पन्नाच्या दहापट रक्कम देते,' असा मेसेज रस्ते अपघातातील मृत्यूंबद्दल फिरतो आहे. कायद्यात अशी तरतूद नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १६६ हे भरपाईसाठी दावा न्यायाधिकरणाकडे (असे दावे ऐकून निकाल देणारी यंत्रणा) अर्ज करण्याबद्दल आहे. पैसे सरकार नव्हे, चूक असलेल्या वाहनाची विमा कंपनी किंवा मालक देतो.

रिटर्न हा उत्पन्नाचा पक्का पुरावा, एवढेच. ते नाही म्हणून दावा बुडत नाही.

हिशेब असा: वय ३८, स्वतःचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न ३ लाख, अवलंबून चौघे. भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ४,२०,०००. मृताच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केल्यावर ३,१५,०००. या वयाचा गुणक (वार्षिक रकमेला ज्याने गुणायचे तो ठरलेला आकडा) १५, म्हणजे ४७,२५,०००. अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी. 'दहापट' धरून तडजोड केली, तर घरच्यांचे सतरा लाखांहून अधिक नुकसान होते!

अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करा. राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही चालतो. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि वयाचा दाखला आधी मिळवा. वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर 'हिट अँड रन' योजनेत २ लाख रुपये मिळतात.