हवाई बेटं राजीखुशीने अमेरिकेत गेली नाहीत

हवाई बेटांबद्दल एक मजकूर सारखा फॉरवर्ड होत असतो: तिथल्या जनतेने जुलमी राजेशाही उलथवली, कुणाचा विरोध नव्हता, आणि १९५९ मध्ये ९४ टक्के मतांनी बेटं आपणहून अमेरिकेत सामील झाली. यातला ९४चा आकडा खरा आहे. बाकीचं वाचून संताप येतो.

‘जनतेने उलथवली’? १७ जानेवारी १८९३ला राणी लिलिउओकलानीला पदच्युत करणारी समिती १३ जणांची होती. गोरे व्यापारी आणि वकील. मूळ हवाईयन एकही नाही. आदल्या दिवशी ‘बोस्टन’ या अमेरिकी युद्धनौकेवरून १६२ जण शस्त्रांसह होनोलुलूत उतरवले गेले. सांगायला कारण अमेरिकनांच्या रक्षणाचं, पण मुक्काम त्यांच्या वस्तीत नाही, सरकारी इमारतीला लागून, राजवाड्याजवळ. रक्तपात नको म्हणून राणीने सत्ता सोडली, तीही समितीकडे नव्हे. अमेरिकेच्या बळापुढे सोडतेय असं लेखी देऊन. राहिला जुलूम. मूळ हवाईयनांचा हिरावलेला मताधिकार परत देणारी राज्यघटना ती आणू पाहत होती.

‘विरोध नव्हता’ हे तर सर्वांत खोटं. १८९७ मध्ये विलीनीकरणाविरुद्धच्या अर्जावर २१,२६९ सह्या झाल्या. मूळ हवाईयनांची संख्या तेव्हा, पोराबाळांसकट, ४० हजारांच्या आसपास. बायकांचे कागद वेगळे, पुरुषांचे वेगळे, नावापुढे वय. चार प्रतिनिधी हा गठ्ठा घेऊन वॉशिंग्टनला गेले आणि विलीनीकरणाच्या कराराला सिनेटमध्ये लागणारी दोन-तृतीयांश मतं जमेनात. पुढच्याच वर्षी स्पेनशी युद्ध पेटलं, पॅसिफिकमध्ये नौदलाला तळ हवा झाला, आणि जे कराराने जमलं नाही ते साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने उरकलं. बेटांवर मतदान घेतलंच नाही.

आता ते ९४ टक्के. बेटं ताब्यात घेतल्यावर ६१ वर्षांनी विचारलं काय, तर लगेच राज्य व्हायचं की नाही. ‘नाही’ म्हटलं तर गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जाणारा प्रदेश म्हणून राहायचं. स्वातंत्र्याचा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. अशा निवडीत अनेक मूळ हवाईयनांनीही ‘हो’ म्हटलं, यात नवल नाही. जवळपास सगळी वस्ती मूळ हवाईयनांची असलेलं नीहाउ हे एकच मतदानकेंद्र विरोधात गेलं.

आणि हा काही केवळ हवाईयनांचा दावा नाही. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून १८९३च्या सत्तापालटाबद्दल माफी मागितली. मूळ हवाईयनांनी सार्वभौमत्वावरचा हक्क थेटपणे कधीच सोडला नव्हता, हेही त्याच ठरावात आहे.