सभेच्या मंडपातील बातमीदार : एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

आदरणीय सर,

माझ्या मागील लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपण स्वतःची ओळख निवृत्त मुख्याध्यापक अशी दिली आहे आणि प्रतिक्रियेत कुठेही भाषेचा तोल जाऊ दिलेला नाही, म्हणून उत्तरही सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी घटना थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२४ मधील विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी झालेल्या सभेला मी श्रोता म्हणून गेलो होतो. नेते हेलिपॅडवरून मंडपाकडे येत असताना, स्वतःचे छोटे यूट्यूब चॅनेल चालवणारा एक तरुण बातमीदार बॅरिकेडजवळ उभा राहिला. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजार समितीत शेतकऱ्याला त्याहून कितीतरी कमी भावाने माल का द्यावा लागतो, एवढेच त्याने मोठ्याने विचारले. ‘कोन्या पेपरचा होय तू?’ असे म्हणत चार-पाच कार्यकर्त्यांनी त्याला मागे ओढले, मोबाईल हिसकावला आणि त्यातील चित्रीकरण पुसून टाकले. त्यानंतर बंदोबस्तावरील पोलिसांनी ‘तुझ्याच सुरक्षेसाठी’ असे सांगून सभा संपेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन तास, त्याला गाडीत बसवून ठेवले. पक्षाचे नाव मी तेव्हाही लिहिले नाही आणि आताही लिहीत नाही, कारण आजवर पाहिलेल्या सभांमध्ये असे वागणारे कार्यकर्ते मला एकाच झेंड्याखाली दिसलेले नाहीत.

आपले म्हणणे असे आहे की, हातात मोबाईल आणि त्याला रंगीत बूम, म्हणजे चॅनेलचा माइक, लावून फिरणाऱ्यांपैकी बहुतेक जण पत्रकार नसून खंडणीखोर असतात. सभा हा पक्षाने स्वखर्चाने केलेला कार्यक्रम असल्याने कोणाला आत घ्यायचे हे पक्षाने ठरवावे. खऱ्या पत्रकारांना कार्ड असते, कक्ष असतो आणि कायद्याचे संरक्षणही असते. आणि पाहुणा दारात आला असता त्याला अडवून प्रश्न विचारणे शिष्टाचाराला धरून नाही.

खंडणीचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. रेतीघाटावरून निघालेल्या ट्रकच्या मागे दुचाकी लावणारे, ग्रामपंचायतीच्या कामाचे फोटो काढून सरपंचाकडे ‘बातमी लावू का’ असे विचारणारे, आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात शिरून नंतर संस्थाचालकाशी बोलणी करणारे लोक आपल्या भागात आहेत. त्यांच्यामुळे प्रामाणिक बातमीदाराला गावात उभे राहणे कठीण होते, हे मला त्या बातमीदारांनीच अनेकदा सांगितले आहे. खंडणी मागणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली गुन्हा आहे आणि ज्याच्याकडे पैसे मागितले गेले त्याने ठाण्यात तक्रार द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण सर, त्या दिवशी पत्रकार कक्षात कोण बसले होते, हे मी पाहिले आहे. आत जाण्याचे पास पक्षाच्या प्रसिद्धी सांभाळणाऱ्या माणसाने ठरवलेल्या यादीनुसार वाटले गेले होते. निवडणुकीच्या काळात कोणत्या पेपरला किती जाहिरात द्यायची, हेही त्याच्याच टेबलावर ठरते. तालुका प्रतिनिधी म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांच्यापैकी बहुतेकांना वृत्तपत्राकडून पगार मिळत नाही. मिळालेच तर नाममात्र मानधन मिळते आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवणीवर आणि दिवाळीच्या शुभेच्छांवर चालते. ज्याच्याकडून पुरवणीची जाहिरात आणायची त्यालाच अडचणीचा प्रश्न विचारायचा, हे घरात दोन शाळकरी मुले असलेल्या माणसाला जमत नाही. मी त्या माणसाला दोष देत नाही, कारण ही व्यवस्था त्याने उभी केलेली नाही. मोबदला घेऊन प्रचाराला बातमीचे रूप देण्याच्या या प्रकाराची चौकशी भारतीय प्रेस परिषदेच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने २०१० मध्ये केली होती आणि त्याआधीच्या वर्षी झालेली महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक त्या चर्चेच्या केंद्रस्थानी होती. पुढे निवडणूक आयोगाला अशा बातम्यांवर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हा पातळीवर समित्या नेमाव्या लागल्या.

म्हणून आपण समजता तसे घडत नाही. खंडणीखोर गाळून प्रामाणिक पत्रकार आत घेणारी चाळणी त्या दारावर बसवलेली नाही. खंडणी मागणाऱ्याचा भाव ठरलेला असतो, त्यामुळे त्याचा बंदोबस्त सभेच्या आदल्या रात्रीच होतो आणि दुसऱ्या दिवशी तो पहिल्या रांगेत बसलेला दिसतो. ज्याला पैसे देऊन गप्प करता येत नाही, त्याचाच मोबाईल हिसकावण्याची वेळ येते. त्या तरुणाने पाकीट मागितले असते तर त्याला गाडीत बसावे लागले नसते, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

कार्ड आणि कायद्याबद्दल. शासनाची अधिस्वीकृती पत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत मिळते. ती शासकीय सोयीसवलतींसाठी आहे, पत्रकारिता करण्याचा तो परवाना नाही. आपल्या राज्यघटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्याचे स्वतंत्र कलमच नाही. कलम १९(१)(क) खाली प्रत्येक नागरिकाला जे अभिव्यक्तिस्वातंत्र्य दिले आहे, त्यातच ते सामावलेले आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५० पासून वारंवार सांगितले आहे. याचा अर्थ, मोठ्या दैनिकाच्या संपादकाला जो अधिकार आहे तोच त्या तरुणाला आहे आणि तो आपल्यालाही आहे.

पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने केलेला कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये संमत केला आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर तो २०१९ मध्ये लागू झाला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, अशा त्यातील तरतुदी चांगल्या आहेत. मात्र या कायद्यातील पत्रकाराची व्याख्या माध्यम संस्थेत कायम किंवा कंत्राटी नोकरी करणाऱ्याभोवती फिरते आणि माध्यम संस्था म्हणजे नोंदणीकृत वृत्तपत्र, वृत्तवाहिनी वगैरे. स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या पेट्रोलने, कोणाचेही नियुक्तिपत्र खिशात नसताना काम करणारा खेड्यातला बातमीदार या व्याख्येत बसतो की नाही, यावरच ठाणेदारासमोर वाद सुरू होतो. ‘कोन्या पेपरचा होय तू’ हा प्रश्न कार्यकर्त्याने उद्धटपणे विचारला खरा, पण कायदाही त्याला जवळजवळ तेच विचारतो. खऱ्या पत्रकारांना संरक्षण आहे, या आपल्या वाक्यातील ‘खऱ्या’ या शब्दाने सर्वांत मोठे नुकसान याच लोकांचे होते.

आता सभा खाजगी असण्याबद्दल. बंद सभागृहात पक्षाने आपल्या कार्यकर्त्यांची बैठक घेतली आणि पत्रकारांना बाहेर ठेवले तर माझी तक्रार नाही. मूलभूत हक्क मुख्यतः शासनाविरुद्ध मागायचा असतो, हेही मला मान्य आहे. पण ही सभा शाळेच्या मागच्या सार्वजनिक मैदानावर होती, प्रशासनाच्या परवानगीने होती, तिच्या बंदोबस्तासाठी शेजारच्या तीन ठाण्यांचे पोलीस सरकारी खर्चाने उभे होते आणि जाहीर सभा म्हणून आदल्या दिवशी ऑटोवर भोंगा लावून गावोगाव सर्वांना निमंत्रण दिले गेले होते. निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिता सांगते की, सभेसाठीची मैदाने ही कोणा एका पक्षाची मक्तेदारी नसते आणि ती सर्वांना सारख्याच अटींवर मिळाली पाहिजेत. अशा जागेला घरचे लग्न समजता येत नाही. शिवाय मोबाईल हिसकावून त्यातील मजकूर पुसणे हे मंगल कार्यालयाच्या आतसुद्धा गैरच ठरेल. पोलिसांना वस्तू जप्त करायची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ प्रमाणे जप्तीची माहिती दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. इथे कार्यकर्त्याने हिसकावले आणि पोलिसांनी पाहिले, म्हणजे कोणतीही नोंद न होता काम झाले.

हे फक्त आपल्याकडे घडते, असेही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये हिमाचल प्रदेशातील बिलासपूर येथे पंतप्रधानांच्या सभेच्या वार्तांकनासाठी पत्रकारांकडे चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र मागितले गेले आणि टीका झाल्यावर तो आदेश मागे घ्यावा लागला. केरळमध्ये २०१७ साली मुख्यमंत्र्यांनी पत्रकारांना बैठकीच्या खोलीतून बाहेर जाण्यास फर्मावले, तर २०२२ मध्ये तिथल्याच राज्यपालांनी दोन वाहिन्यांच्या प्रतिनिधींना पत्रकार परिषदेतून घालवले. सप्टेंबर २०२३ मध्ये विरोधी आघाडीने चौदा वृत्तनिवेदकांच्या कार्यक्रमांवर बहिष्कार जाहीर केला. पक्ष वेगळे आणि प्रसंगही सारखे नाहीत, पण आपल्याला कोणी विचारायचे हे आपणच ठरवू, ही भूमिका सगळीकडे एक आहे.

शिष्टाचाराचा आपला मुद्दा मला अधिक विचार करायला लावणारा वाटला. पाहुण्याचा मान राखावा, हे आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पण नेता आपल्याकडे पाहुणा म्हणून येतो का? तो मते मागायला येतो. मुंबईतल्या बातमीदाराला मंत्रालयात, विधान भवनात, पक्ष कार्यालयात रोज कोणी ना कोणी भेटते. आमच्या तालुक्याला पाच वर्षांतून एकदा हेलिकॉप्टर उतरते आणि दोन तासांनी उडते. हेलिपॅड ते मंडप एवढे शंभर पावलांचे अंतर हीच त्या तरुणाची पत्रकार परिषद होती. प्रश्न अवाजवी होता, असे आपणही म्हटलेले नाही. त्याच महिन्यात सरकारी खरेदीसाठी सोयाबीनमधील ओलाव्याची मर्यादा केंद्राने १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेली. शेतकरी आणि गावोगावचे बातमीदार जे ओरडून सांगत होते, त्यात तथ्य होते म्हणूनच हे झाले.

आपल्या जिल्ह्यानेच याची दोन उदाहरणे पाहिली आहेत. मारेगाव तालुक्यातील जळका गावी २००८ मध्ये राहुल गांधी आले आणि तेथील एका शेतकरी विधवेची कहाणी त्यांनी जुलै महिन्यात लोकसभेत सांगितली. आर्णी तालुक्यातील दाभडी येथे २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली. दोन्ही वेळा देशभरचे कॅमेरे आले आणि गेले. त्यानंतर दिलेल्या शब्दांचे काय झाले, हे पाहायला त्या गावांत पुन्हा जाणारे बातमीदार नसते, तर जळका आणि दाभडी ही नावे भाषणात उच्चारली गेली, एवढीच त्यांची नोंद उरली असती.

आणि किंमत कोण मोजतो, तेही सांगितले पाहिजे. गडचिरोलीच्या भामरागडला लागून, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडचा बिजापूर जिल्हा आहे. तिथे ‘बस्तर जंक्शन’ हे स्वतःचे यूट्यूब चॅनेल चालवणारे मुकेश चंद्राकर हे स्वतंत्र पत्रकार १ जानेवारी २०२५ पासून बेपत्ता होते आणि ३ जानेवारीला एका रस्ते कंत्राटदाराच्या आवारातील सेप्टिक टाकीत त्यांचा मृतदेह सापडला. रस्त्याच्या कामातील भ्रष्टाचाराच्या बातमीशी त्यांचे काम जोडलेले होते. २०२१ मध्ये माओवाद्यांच्या ताब्यातील केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानाला सोडवून आणण्यासाठी जंगलात गेलेल्यांमध्ये हेच चंद्राकर होते. आपल्या राज्यात राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गाडीने चिरडले, आणि ज्याला या प्रकरणी अटक झाली त्याच्याविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. मंडपातील धक्काबुक्की आणि खून यांत फार मोठे अंतर आहे, हे मला कळते. पण ‘हा कोणाचाच माणूस नाही, याला हात लावला तर कोणी विचारणार नाही’ हा अंदाज कार्यकर्त्यांनी आमच्या मैदानावर भर गर्दीत घेतला आणि तो चुकला नाही, याची मला भीती वाटते.

आपण शेवटी विचारले आहे की, मी पत्रकार नाही, माझे कोणी काही हिसकावलेले नाही, मग मला एवढा त्रास का व्हावा. याचे उत्तर पुण्याच्या ‘सकाळ’च्या खटल्यात आहे. वृत्तपत्राने किती किमतीला किती पाने द्यायची हे ठरवणारा १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, तेव्हा न्यायालयात गेलेल्यांमध्ये ‘सकाळ’चे दोन सामान्य वाचकही होते. पेपर त्यांच्या मालकीचा नव्हता, त्यांना फक्त तो वाचायचा होता. त्या दिवशी मैदानात माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने सोयाबीन आठवडाभरापूर्वीच विकले होते. त्यालाही तो प्रश्न ऐकू आला होता आणि उत्तरासाठी त्याने मान वर केली होती.

आपल्या प्रतिक्रियेमुळे मूळ लेखात मी एक दुरुस्ती केली आहे. ‘पोलिसांनी ताब्यात घेतले’ असे मी लिहिले होते. स्टेशन डायरीत तशी नोंद आहे का, असे आपण विचारले, आणि ती न पाहताच मी तो शब्द वापरला होता. तिथे आता ‘गाडीत बसवून ठेवले’ असे केले आहे. त्या दिवसाच्या स्टेशन डायरीची प्रत मिळावी म्हणून त्या तरुणाने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दिला आहे. कायद्याने तीस दिवसांत उत्तर यायला हवे. जे येईल ते, आपल्या म्हणण्याच्या बाजूने असले तरी, मी जसेच्या तसे प्रकाशित करीन. आपली पूर्ण प्रतिक्रियाही मूळ लेखाखाली कायम राहील.

आपला,
लेखक